सुटलेला मासा

गेल्या महिन्यात एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. आपली मराठी मंडळी, आठ-दहा कुटुंबं. आत वाढावाढी चाललेली, आम्ही काही जण बाहेर अंगणात मच्छर मारत बसलेलो. नव्यानेच टँपाला आलेल्या एका जोडप्याशी माझी ओळख करून देताना मित्र म्हणाला, "हा आमच्यातला कोळी. याची ती माशाची गोष्ट ऐकली नसेल ना तुम्ही? सांग रे."

मीही फारसे आढेवेढे घेतले नाहीत. गेली दोनेक वर्षं ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की कुठे थांबायचं, कुठे हात पसरायचे, सगळं बसलेलं आहे. बाप-लेक एका कयाकमध्ये. भला थोरला मासा गळाला लागलेला. मासा कांदळवनाच्या मुळांकडे निघालाय, कयाक चिखलात रोवलेल्या खुंट्याला अडकलीय, मी ओरडतोय, "खुंटा काढ, खुंटा काढ!" आणि आमची कन्या मागे वळून शांतपणे विचारते, "खुंटा म्हणजे काय, बाबा?"

इथे हशा येतो. हमखास येतो. परदेशात वाढलेल्या पोरांचं मराठी हा आपल्याकडे कधीही न आटणारा विषय आहे. प्रत्येकाकडे आपापल्या घरातला एकेक किस्सा असतोच, मग ते सुरू होतात. मासा सुटला हे सांगायचीही गरज उरत नाही.

यावेळी फरक एवढाच होता की मुलगी शनिवार-रविवारसाठी कॉलेजातून घरी आलेली होती आणि आमच्याबरोबर तिथे होती. माझं शेवटचं वाक्य सुरू असताना ती दारात उभी होती, हातात ताट घेऊन. लोक हसले, ती पण थोडं हसली आणि आत गेली. रागावली नाही, काही बोलली नाही. येताना गाडीत गाणी ऐकत बसली.

मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. कारण ती गोष्ट खोटी आहे. मासा खरा, कयाक खरी, खुंटाही खरा. खोटं आहे ते नेमकं ज्याला लोक हसतात ते वाक्य. तिने असं काही विचारलंच नव्हतं.

म्हटलं, एकदा जसं घडलं तसं लिहूनच टाकावं. थोडं लांबेल. माशांचं वावडं असणाऱ्यांनी इथूनच रजा घेतली तरी चालेल.

मी १९९९ साली इकडे आलो. वायटूकेच्या लाटेत जे हजारो आले त्यांतला एक. टँपा हे गाव मी निवडलं नव्हतं, कंपनीनं पाठवलं म्हणून आलो. पण आल्यावर पहिल्याच आठवड्यात खाडीवरच्या पुलावरून जाताना गाडीची काच खाली केली आणि ओहोटीच्या चिखलाचा वास नाकात शिरला. तोच. खारट, थोडा कुजका, आमच्या पेणच्या खाजणात येतो अगदी तोच. बरोबरच्या सहकाऱ्यानं नाक मुरडून काच वर केली. मी मनात म्हटलं, चला, इथे राहता येईल.

तरी कयाक घ्यायला २०१२ उजाडलं. शेजारी घर सोडून उत्तरेकडे चालला होता, त्याची दोन माणसांची जुनी कयाक तो जवळजवळ फुकटच देत होता. ही वर बसायची कयाक, म्हणजे आत पाय घालून बसायचं नाही, होडीच्या पाठीवरच बसायचं. तळाला आरपार भोकं असतात, त्यांतून पाणी येतं आणि जातं. बुडत नाही, पण बूड मात्र कायम ओलं. तिचा मोठा गुण म्हणजे ती अगदी थोड्या पाण्यात चालते. इंजिनवाल्या बोटी जिथे चिखलात रुततात तिथे, घोटाभर पाण्यात, आवाज न करता सरकता येतं. आणि किनाऱ्यालगतचे मोठे मासे नेमके तिथेच असतात.

अवगुण असा की मोठा मासा लागला की तुम्ही त्याला ओढत नाही, तो तुम्हाला ओढतो. पायाखाली घट्ट जमीन नसते. दोन माणसं आणि होडी मिळून सगळं वजन पाण्यावर तरंगत असतं आणि मासा म्हणेल तिकडे जातं. म्हणून एका जागी थांबून गळ टाकायचा तर एक लांब काठी कयाकच्या भोकातून खाली चिखलात खुपसून ठेवायची आणि मासा लागला की ती झटक्यात उपसायची. इथे तिला वेगळं काही म्हणतात. मी पहिल्या दिवसापासून खुंटा म्हणत आलो. गाय बांधतात तो खुंटा.

मुलगी पाच-सहा वर्षांची असल्यापासून पुढच्या जागेवर बसायची. मराठी शाळेत तिचं मन कधी रमलं नाही, दोन वर्षांत सुटली ती शाळा. पण कयाकवर आम्ही मराठीच बोलायचो. का ते सांगता येत नाही, बहुधा मला मासेमारीचं इंग्रजी तेव्हा येत नव्हतं म्हणून. गळ, गरवणं, भरती, ओहोटी, उधाण, कालवं, खुंटा हे शब्द तिला "अभ्यास" आणि "गृहपाठ" यांच्याआधी आले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता माशाबद्दल. आमच्या खाडीत ज्याच्यासाठी लोक वेडे होतात तो स्नूक. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी चक्क "जिताडा!" असं ओरडलो होतो. तसंच उतरतं कपाळ, पुढे आलेला खालचा जबडा, पाठीला तोच बाक. फरक म्हणजे याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ असते, पेननं ओढल्यासारखी. नंतर वाचलं तेव्हा कळलं की माझं ओरडणं अगदीच अडाणीपणाचं नव्हतं. शास्त्रज्ञसुद्धा पूर्वी या दोघांना एकाच कुळात धरत, अलीकडे वेगळं काढलंय. राहणीही तशीच. गोड्या पाण्यातही चालतो, खाऱ्यातही. कांदळाच्या मुळांत दडतो, ओहोटीला पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाशी दबा धरून बसतो आणि वाहत येणारी कोळंबी, मासोळी गट्ट करतो.

आणखी एक गोष्ट दोघांत सारखी आहे. दोघेही जन्माला नर म्हणून येतात आणि मोठे झाले की मादी होतात. म्हणजे खरोखर मोठा स्नूक किंवा खरोखर मोठा जिताडा हा 'तो' जवळपास नसतोच, 'ती' असते. पेणला ज्या भल्यामोठ्या जिताड्याच्या डोक्याच्या कालवणावर बापेमाणसं तुटून पडत ती सगळी आजीबाईंची डोकी होती, हे तिथे कोणाला सांगितलं तर मारतील मला.

इथला कायदाही त्यावरच बेतलाय. आमच्या बाजूला २८ इंचांपेक्षा लहान स्नूक सोडायचा आणि ३३ इंचांपेक्षा मोठाही सोडायचा. मधल्या मापाचा एक, तोही हंगाम खुला असेल तर आणि परवाना असेल तर. विकायचा तर प्रश्नच नाही, १९५७ पासून स्नूकच्या विक्रीला फ्लोरिडात बंदी आहे. मोठ्या माद्या अंडी घालतात, त्यांना हात लावायचा नाही, एवढा साधा हिशोब. स्नूकला थंडी सोसत नाही. २०१० च्या जानेवारीत इथे अशी थंडी पडली की ते हजारोंनी मेले. त्यानंतर आमच्या बाजूला २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत एकही स्नूक घरी न्यायची परवानगी नव्हती. मी कयाक घेतली तेव्हा ही बंदी चालूच होती. म्हणजे माझी सुरुवातच मुळी सोडून देण्यानं झाली.

आईला हे कधीच पटलं नाही. "पकडायचा आणि सोडायचा? मग पकडायचा कशाला? त्या बिचाऱ्याला उगाच त्रास." यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

असो. जागा कुठली ते सांगतो. सेंट पीटर्सबर्गला वीडन आयलंड म्हणून एक राखीव कांदळवन आहे. १९५० च्या दशकात डासांच्या बंदोबस्तासाठी तिथे कांदळवनातून सरळसोट चर खणले होते. डास काही गेले नाहीत, हे मी स्वतःच्या रक्तानिशी सांगू शकतो, पण ते चर राहिले. त्यांच्यावर आता दोन्हीकडून फांद्या येऊन बोगदे झालेत आणि त्यांतून कयाक जाते. तिथल्याच किनाऱ्यावर २००१ साली एका माणसाला चिखलात लाकडाची एक होडी दिसली. २०११ मध्ये ती काढली, तर जवळजवळ चाळीस फूट लांब, एका पाइनच्या खोडातून कोरलेली आणि सुमारे अकराशे वर्षांपूर्वीची निघाली. तिथल्या संग्रहालयात ती मी पाहिली आहे. तिच्यातूनही कुणीतरी मासा सोडून घरी गेलाच असेल आणि चुलीपाशी बसून काहीतरी सांगितलं असेल, असं मला तेव्हा वाटून गेलं होतं.

ओहोटीला या चरांच्या तोंडातून पाणी बाहेर येतं. इथे भरती-ओहोटीतला फरक अगदीच किरकोळ, दोन-तीन फुटांचा, कोकणच्या माणसाला हसू येईल एवढा. पण तेवढंही माशांना पुरतं. मला पहिल्यांदा ती जागा दिसली तेव्हा वाटलं, अरे, ही तर उघाडी!

उघाडी म्हणजे आमच्याकडे खारबंदिस्तीच्या बांधाला पाणी सोडायला जे दार असतं ते. आणि उघाडी म्हटलं की मला अण्णा आठवतात, आणि अण्णांबरोबर १९८४ सालचा जिताडा. तोही सुटलेलाच.

अण्णा सरकारी कचेरीत कारकून होते. रविवारी अंतोऱ्याच्या बाजूला खाडीवर गरवायला जायचे. त्या वर्षी गणपती उठले आणि पुढच्याच रविवारी मला बरोबर घेतलं. मी दहा वर्षांचा. माझं काम म्हणजे कोळंबीचा डबा सांभाळणं आणि मासा काठाशी आला की बांबूला लावलेली जाळीची झोळी त्याच्याखाली धरणं. दुपार कलताना ओहोटी लागली, उघाडीच्या तोंडाशी अण्णांनी जिवंत कोळंबी सोडली आणि तो लागला. अण्णांचा चेहरा मी तसा पुन्हा कधी पाहिला नाही. भीती आणि आनंद एकदम. बराच वेळ झुंजून त्यांनी त्याला काठापर्यंत आणला. पाण्यात चांदीचं ताट तिरपं केल्यासारखं काहीतरी लकाकलं. "धर!" अण्णा म्हणाले. मी झोळी खालून धरायची ती घाबरून वरून मारली. झोळीची कड दोरीवर बसली. खट्.

अण्णांनी मला तिथेच एक लगावली. मग दोन मैल चालत घरी येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत. आळीत शिरताच नाक्यावरच्या मंडळींनी विचारलं, "काय, रिकामेच?" अण्णा म्हणाले, "मोठा होता. गळ सरळ झाला." घरी आईलाही तेच, कचेरीतही तेच. पुढे तीस वर्षं ही गोष्ट निघाली की गळ सरळच व्हायचा. त्या काळच्या गळांना कसा दम नव्हता यावर ते पाच मिनिटं बोलायचे. मी शेजारी बसलेला असायचो. माझ्याकडे बघायचेही नाहीत.

अण्णा २०१५ मध्ये गेले. त्यांनी मला मारलं ते मी बरीच वर्षं लक्षात ठेवलं होतं. गळ सरळ झाला हे मात्र तेव्हा माझ्या डोक्यात नीट शिरलंच नव्हतं.

तर २०२३ च्या ऑक्टोबरातला तो रविवार. राखीव वनाचं फाटक सातला उघडलं. त्या दिवसांत तेव्हा इथे धड उजाडलेलं नसतं. मुलगी सोळा वर्षांची, रविवारी सहाला उठून आली हेच विशेष. पार्किंगमध्ये गाडीच्या टपावरून कयाक उतरवली, सामान लावलं आणि मी गळ बांधायला घेतला.

इथे थोडं तपशिलात जातो, कारण सगळं इथेच आहे. रिळावर असते ती विणलेली बारीक दोरी. तिच्या टोकाला तीन-चार फुटांची जाड, पारदर्शक दोरी जोडतात, कारण स्नूकचा जबडा कानशीसारखा खरबरीत असतो आणि कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी. या जाड दोरीला गळ बांधायचा. ही दोरी कडक असते, गाठ सहज बसत नाही. वेढे मोजून घ्यायचे, थुंकीनं ओले करायचे, हळूहळू आवळायचे आणि मग गळ कशाला तरी अडकवून जीव खाऊन ओढून बघायचं. गाठ सुटायची असेल तर तिथेच सुटते.

माझा चाळिशीचा चष्मा घरी राहिला होता. पन्नाशीच्या जवळ आलेला माणूस, अर्धवट अंधार, पारदर्शक दोरी. किती वेढे घेतले ते मला दिसलं नाही, बोटांनी अंदाज घेतला. मुलगी म्हणाली, "मी बांधू का?" तिला येते ती गाठ, मीच शिकवली. मी म्हटलं, "नको, झालंच." आवळली आणि ओढून न बघता निघालो. ओहोटी लागली होती, घाई होती.

पहिल्या चराच्या तोंडापासून साठ-सत्तर फुटांवर तिने खुंटा रोवला. पाणी चहासारखं तांबूस. तोंडाशी लहान मासोळी उडत होती, म्हणजे खाली कोणीतरी होतं. मी रबराची पांढरी मासोळी टाकली, प्रवाहाबरोबर येऊ दिली. दोनदा काही नाही. तिसऱ्यांदा ठप्प असा आवाज आला, ओल्या कपड्यावर धोपटणं मारावं तसा, आणि रीळ किंचाळायला लागलं.

मी ओरडलो, "खुंटा!"

एवढंच. "खुंटा काढ, खुंटा काढ" वगैरे काही नाही, एकदाच "खुंटा". आणि तिने माझं वाक्य संपायच्या आत दोन्ही हातांनी तो उपसून मांडीवर घेतलाही होता. चिखलाचा फराटा तिच्या गालावर उडाला. मग पॅडल घेऊन तिने कयाकचं तोंड मोकळ्या पाण्याकडे फिरवायला सुरुवात केली, मी न सांगता. मासा कांदळाकडे निघाला होता. पाण्यात पाय रोवून उभी असलेली ती लाल मुळं आणि त्यांना चिकटलेली कालवं, तिथे पोचला की दोरी संपलीच. ती मागे पॅडल मारत राहिली, मी काठी आडवी धरली आणि तो वळला. मोकळ्या खाडीकडे वळला. जिंकलो होतो आम्ही, खरं म्हणजे. त्यानंतर त्यानं आम्हाला ओढत नेलं. दोन माणसं आणि होडी, नाकापुढे पाणी फुटतंय, आणि मुलगी हसत सुटलेली. काहीच कारण नसताना मीही.

मग ती वर आली. (आता 'ती' म्हणतो, कारण एवढी मोठी मादीच असणार.) अर्धं अंग बाहेर, तोंड उघडं, कल्ले फुललेले, पिवळे पर आणि ती काळी रेघ. सूर्य नुकताच वर आला होता, तो तिच्या अंगावर. डोकं एकदा इकडे, एकदा तिकडे झटकलं. गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसलेला मला दिसला. नीट बसला होता. मग ती खाली गेली आणि काठी सरळ झाली.

मासेमारी करणाऱ्यांना ती काठी सरळ होणं माहीत असेल. इतरांना कसं सांगू? जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं वाटून पाय खाली टाकावा आणि जमीन लागावी, तसं काहीतरी.

मी दोरी गुंडाळली. इथे सुटलेल्या माशाचा पंचनामा दोरीच्या टोकावरून करतात. टोक खरवडल्यासारखं असेल तर मुळांवर, कालवांवर घासून तुटली. स्वच्छ कापलं असेल तर कल्ल्याच्या कडेनं कापली. गळ वाकडा होऊन परत आला तर गळ कच्चा. आणि टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं असेल तर दोरी तुटलेलीच नाही, गाठ सुटली. त्याला दुसरं कारण नसतं आणि दुसरा आरोपीही नसतो.

वेटोळं होतं.

मुलगी पुढे तोंड करून बसलेली. "काय झालं?" तिने विचारलं. मी खिशातून नखकात्री काढली, ते वेटोळं कापलं, खिशात टाकलं आणि म्हटलं, "कापली. कालवांवर घासली असेल."

तिने मागे वळून पाण्याकडे पाहिलं. आम्ही होतो तिथे तळाला नुसती वाळू आणि पाणगवत होतं. काही बोलली नाही.

घरी आल्यावर आईला फोन केला. तिने माप विचारलं. मी म्हटलं, चाळीस इंच तरी असेल. "म्हणजे सोडायचाच होता ना?" हो. "मग सुटला म्हणून तोंड पाडून काय बसलायस? तुझं कामच केलंन् त्यानं." तर्काला तोड नाही. कालवण होणार नव्हतंच, फार तर एक फोटो. जबड्यात गळ राहिला एवढी एकच बोच. त्याचा उलटा काटा मी पकडीनं दाबून ठेवलेला असतो, तेव्हा लवकर पडला असेल, असं स्वतःला सांगतो. २०२१ च्या उन्हाळ्यात आमच्या खाडीत तांबडं पाणी आलं होतं. विषारी शेवाळानं शेकडो टन मासे मेले, किनाऱ्यावर स्नूकही पडलेले मी पाहिले. नाकाला रुमाल लावून आम्ही दोघं बघत उभे होतो. एवढी मोठी मादी म्हणजे त्या सगळ्यातून वाचलेली असणार. माझ्या गाठीतूनही वाचली, म्हणायचं.

पहिल्यांदा गोष्ट सांगितली ती त्याच दिवाळीत. सांगता सांगता माझ्याच लक्षात आलं की "गाठ नीट बांधली नव्हती" हा शेवट कोणालाच आवडणार नाही, निदान मला तरी नाही. आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं. "खुंटा म्हणजे काय, बाबा?" सगळे हसले. तिची आईसुद्धा हसली. पुढच्या वेळी ते आपोआप आलं. पुढे पुढे तर मला तसंच आठवायला लागलं, ती मागे वळून विचारतेय असं चित्रच दिसायला लागलं. त्यानंतर ती कयाकवर एकदाच आली. मी म्हटलं, बारावीचं वर्ष, अभ्यास असतो. २०२४ मध्ये हेलन वादळाचं पाणी गॅरेजात शिरलं, आवराआवरीत ते वर्ष गेलं, मग कॉलेज. कारणं बरी सापडत गेली.

त्या जेवणानंतर चार दिवसांनी मी तिला फोन केला. आधी इकडचं तिकडचं. मग म्हटलं, "तो मासा. कालवांवर नाही कापला तो. माझी गाठ सुटली."

"माहीत आहे मला."

"कसं?"

"तू खिशात टाकलंस ते मी बघितलं, बाबा. आणि तिथे कालवं नव्हतीच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू पण नाही बोललास."

मी खुंट्याचं म्हणालो. ते वाक्य मी आपलं असंच घुसडलं होतं, ते चुकलं, आता सांगणार नाही, असं काय काय बोललो. ती ऐकत होती. मागे तिच्या खोलीत कोणीतरी भांडी वाजवत होतं. मग मी तिला अण्णांचा जिताडा सांगितला. गळ सरळ झाल्याची गोष्ट तिने आजोबांच्या तोंडून लहानपणी ऐकली होती. झोळीची कोणी सांगितलेली नव्हती.

"तुला मारलं त्यांनी?"

"एकच."

थोडा वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "खरं सांग, केवढा होता तो?"

"चाळीस इंच."

"बाबा."

"छत्तीस. सदतीस असेल."

"चालेल," ती म्हणाली. "मी थँक्सगिव्हिंगला चार दिवस येतेय. खुंटा आहे ना अजून, की पुरात गेला?"

आहे म्हटलं. शेजाऱ्याच्या कुंपणात सापडला होता.

"गाठ मी बांधणार," ती म्हणाली, आणि तिला वर्गाला जायचं होतं म्हणून फोन ठेवला.